बाबांना सीएलएल (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर), स्टेज ०, आणि डॉक्टर म्हणतात औषध नको??

देवगडहून लिहितेय. बाबा ६८ वर्षांचे, अजून आंब्याच्या कलमांवर चढतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी सीबीसी (रक्ततपासणी) केली तर पांढऱ्या पेशी वाढून २८ हजार, मग फ्लो सायटोमेट्री (रक्तपेशींचा प्रकार ओळखायची तपासणी), त्यात सीएलएल निघालं. डॉक्टर म्हणाले दर तीन महिन्यांनी या, बाकी काही नको. घरात आई रडतेय की कॅन्सर आहे आणि नुसतं बघत बसायचं?

उत्तर १: ताई, आमच्या मामांचं सेम, रत्नागिरीला असतात, सहा वर्षं झाली, अजून गोळी नाही. स्टेज ० (राय नावाच्या पद्धतीने) म्हणजे रक्तात लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढल्यात फक्त, गाठी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक. लवकर औषध दिलं म्हणून आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उगाच साइड इफेक्ट मात्र होतात.

उत्तर २: ब्लड कॅन्सर एकच नसतो हो. एएमएल, एएलएल झपाट्याने वाढतात, तिथे थांबून चालत नाही. सीएमएलला इमॅटिनिबसारखी रोजची गोळी. सीएलएल बहुधा सावकाश. आईंना हे सांगा आधी.

उत्तर ३: पण ताप, रात्री घामाने बनियन भिजणं, वजन उतरणं, मानेत-काखेत गाठ, यातलं काही दिसलं तर तीन महिने थांबू नका. आणि फ्लू, न्यूमोनियाच्या लसींचं विचारा.

प्रश्नकर्ती: थँक्यू सगळ्यांना. बाबा म्हणतायत मग हर्नियाचं काय, फवारणी तोंडावर आलीय 😅