तंबाखू विकायला वेगळा परवाना कशाला?

निशाचर
वयाची अट कायद्यात आहे, मोडली तर दंड आहे. मग स्थानिक संस्थेने तंबाखू विकणाऱ्यांसाठी आणखी एक परवाना का काढायचा? काल मेव्हण्याशी यावरून तासभर जुंपली. तो म्हणतो दंडाला कोणी भीत नाही. मी म्हणतो कागद वाढले की चिरीमिरी वाढते, बाकी काही नाही. आणि एका गावाने नियम कडक केले तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाणार नाही का?

दप्तरदिरंगाई
परवाना खात्यात 19 वर्षं काढली, म्हणून बोलतो. मेव्हणा बरोबर आहे. दंडाची पावती फाडायला गेलो की दुकानदार 'किती?' एवढंच विचारून गल्ला उघडायचे. त्यांच्या हिशेबात तो भाड्यासारखाच एक खर्च. पण 'महिनाभर परवाना निलंबित' म्हटलं की लगेच बसायला खुर्ची यायची. सिगारेटचं गिऱ्हाईक सोबत आणखी काहीबाही नेतं. महिनाभर ते दुसरीकडे वळलं की परत येईलच असं नाही, धास्ती त्याची.

शिवाय परवानाच नसेल तर कोण कोण विकतंय याची यादी नसते. तपासायला जायचं कुठे?

चिरीमिरीचं नाकारत नाही. कितव्या चुकीला किती दिवस निलंबन, हे नियमातच लिहून ठेवलं तर देण्याघेण्याला वाव कमी राहतो. माझ्या काळात ते साहेबाच्या मर्जीवर होतं. असो.

अर्धवटराव
आणि दुकानं कमी करायची तर? चालू परवाने काढून घेणं म्हणजे पोटावर पाय.

दप्तरदिरंगाई
काढून कशाला घ्यायचे? सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये 11 प्रभागांना प्रत्येकी 45 परवान्यांची मर्यादा घातली, म्हणजे शहरात 495. जुन्यांना हात लावला नाही. पण प्रभागाचा आकडा 45 च्या खाली येईपर्यंत बंद पडलेल्या दुकानाच्या जागी नवा परवाना नाही. शाळेपासून 500 फुटांच्या आत तर नवा नाहीच. सावकाश चालतं, पण मोर्चा निघत नाही.

उंबरठा
शेजारच्या गावाचं मी सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅमने 2005 मध्ये विक्रीचं वय 21 केलं, भोवतालच्या गावांत ते कमी होतं. नंतरच्या पाहणीत तिथल्या शाळकरी मुलांचं धूम्रपान शेजारच्या गावांपेक्षा वेगाने उतरलेलं दिसलं. सोळा वर्षांचं पोरगं रोज गावाबाहेर जाणार कसं? डिसेंबर 2019 मध्ये तेच वय अमेरिकाभर लागू झालं.

त्याच राज्यातलं ब्रुकलाइन आणखी पुढे गेलं. 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तंबाखू विकायचीच नाही, कधीही. दुकानदार कोर्टात गेले. मार्च 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. अर्थात राज्याचा कायदाच 'आमच्याहून कडक नियम करू नका' म्हणत असेल, तर गावाचे हात बांधलेले.

निशाचर
मेव्हण्याला हे दाखवणार नाही. पण 2060 साली काउंटरवर साठीच्या माणसाकडे जन्मदाखला मागणार? 31 डिसेंबरवाल्याला सिगारेट, 1 जानेवारीवाल्याला नाही?

दप्तरदिरंगाई
तपासनिसाला तेच सोपं. एकच तारीख, कायमची पाठ. 'साहेब, वय मोजताना गडबड झाली' ही सबब किती वेळा ऐकली, विचारू नका.