मदत हवी आहे: वाळूजला ठेकेदाराकडून कामाला आहे, सुपरवायझर त्रास द्यायलाय, तक्रार कुणाकडं करू?

बजाजनगरची_लेक:
नमस्कार. आयडी नवीन आहे, कंपनीचं नाव टाकत नाही, विचारूबी नका. वाळूज एमआयडीसीत पॅकिंग लाईनवर आहे, कार्ड ठेकेदाराचं पण काम सगळं कंपनीच्या आत अन सुपरवायझर कंपनीचाच. दिवाळीच्या आधीपासून त्याचे रात्री मेसेज यायलेत, आधी जेवलीस का, झोपलीस का, मग फोटो पाठव, अन उत्तर नाही दिलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं ओरडणार, ओव्हरटाईम काढून घेणार. गेल्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये मुद्दाम शेजारी येऊन बसला अन मांडीवर हात ठेवला, मी उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभी राहिले.

एचआरच्या मॅडम म्हणायल्या तू आमच्या रोलवर नाहीस, ठेकेदाराला सांग. ठेकेदार म्हणतो माणूस कंपनीचा, मी काय करू. अन काल ठेकेदारानंच ऑफिसात बोलावून टाईप केलेला कागद पुढं केला, "सदर प्रकार गैरसमजातून घडला असून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही." त्यात माझं आडनावसुद्धा चुकलेलं, अन साक्षीदार म्हणून दोघांच्या सह्या आधीच मारून ठेवलेल्या! सोमवारपर्यंत सही कर नाहीतर गेट बंद म्हणतो. नवरा सोबत आहे, पण सासूबाई म्हणतात सोडा ते काम, गेवराईला चला. तिकडं जाऊन करू काय, पोरीची शाळा इथं. मला तक्रार करायचा हक्क आहे का नाही तेवढं सांगा.

मिरची_कोल्हापुरी_नव्हे:
ताई सही करू नका. काहीही झालं तरी नाही. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर अन तारीख दिसली पाहिजे, अन मोबाईल एचआरच्या हातात देऊ नका "बघू दे जरा" म्हणले तरी.

लातूरची_वकीलीण:
हक्क पूर्ण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कायम, हंगामी, रोजंदारी, शिकाऊ आणि ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा, मग ते कंपनीला माहीत असो का नसो. त्यामुळे "आमच्या रोलवर नाहीस" हे नुसतं टोलवणं आहे. दहा किंवा जास्त माणसं जिथं कामाला तिथं अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. समितीच केली नसेल तर कंपनीला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आणि तो कागद म्हणजे काही समझोता नव्हे. समझोता फक्त तुम्ही स्वतः मागितला तर, समितीमार्फत होतो आणि पैशावर करता येत नाही.

मुदत मात्र लक्षात ठेवा, शेवटच्या प्रकारापासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर बसू नका.

उगंच_एक_शंका:
सगळं खरं हो, पण सिद्ध नाही झालं तर बाईवरच उलटतं असं ऐकलंय. विचार करून पाऊल टाका.

लातूरची_वकीलीण:
@उगंच_एक_शंका दादा, हे असं ऐकीव सांगूनच बायका गप्प बसवल्यात. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, ती द्वेषानं केली हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं.

जुना_युनियनवाला:
ताई, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. मराठीतच लिहा, तारखेवार, बसचा प्रकार वेगळा लिहा. सहा प्रती अन सोबत स्क्रीनशॉट. समितीच्या अध्यक्षांच्या नावानं द्या अन एका प्रतीवर पोच घ्या, शिक्का नाही मारला तर स्पीड पोस्टानं पाठवा. समितीच नाही म्हणाले तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा, जिल्हाधिकारी कार्यालयात नाहीतर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं विचारा. शी-बॉक्स नावाचं सरकारी पोर्टल आहे, त्यावरबी टाकता येतं.

बजाजनगरची_लेक:
लई आधार वाटला. पण बसमधलं कामाच्या ठिकाणी धरतात का? अन लाईनवरच्या बायका साक्षीला यायला भ्यायल्यात. चौकशी चालू असताना त्याच्याच हाताखाली राहायचं का?

लातूरची_वकीलीण:
बस कंपनीनं दिलेली असेल तर धरतात, कायद्यात तसं स्पष्ट आहे. साक्षीदार भ्यायले तरी त्यांची नावं लिहा, समितीला त्यांना बोलवायचे आणि रेकॉर्ड मागवायचे अधिकार आहेत. बसमध्ये कॅमेरा असेल तर फुटेज जपून ठेवा असं अर्जातच लिहा, ओव्हरटाईमचं रजिस्टरही मागवायला सांगा, कधी काढून घेतला ते तिथं दिसेल. लेखी मागितलं तर समिती तुमची किंवा त्याची बदली सुचवू शकते, किंवा तुमच्या हक्काच्या रजेच्या वर आणखी तीन महिन्यांपर्यंत रजा. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. समितीपुढं वकील चालत नाही, पण अर्ज लिहून घ्यायला चालतो. बाईला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत आहे, संभाजीनगरला अदालत रोडच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जा. आणि हात लावलाय, म्हणजे पोलिसांतही जाता येतं, भारतीय न्याय संहितेचं कलम 75. दोन्ही सोबत चालतं, समितीचं होईपर्यंत थांबा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

जुना_युनियनवाला:
अन सोमवारी नेहमीच्या वेळेला जायचंच. गेटवर अडवलं तर वाद घालू नका, तिथूनच ठेकेदाराला अन एचआरला मेसेज टाका, मी कामावर आले आहे, मला आत सोडत नाहीत. वेळ-तारीख आपोआप पडते. नाहीतर "न सांगता गैरहजर" दाखवून काढतील, आमच्याकडं असंच करायचे.