चर्चा: तांदळाच्या खिरीत दूधच हवं का?

कवळेकरीण:
चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. पानात तांदळाची खीर वाढली, नारळाच्या रसातली, माडाचा गूळ घातलेली. एका पाहुणीने चाखून विचारलं, "दूध मिळालं नाही का?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मणगण्यात दूध का नाही, असं कुणी विचारत नाही. चण्याची डाळ, साबुदाणा, रस, गूळ, एवढ्यात ते पूर्ण असतं. मग तांदळाच्या खिरीलाच दुधाचा हट्ट का? माझं म्हणणं स्पष्ट आहे. रसातली खीर ही दूध नसताना भागवलेली खीर नव्हे. गोव्यातल्या घरात तिचा मान पहिला.

माझी पद्धत सांगते. एक मोठा नारळ आदोळीवर खोवून वाटायचा आणि पहिला दाट रस वेगळा ठेवायचा. कोमट पाणी घालून दुसरा आणि तिसरा रस काढायचा. अर्धी वाटी तांदूळ या पातळ रसात मऊ शिजवायचे. शीत बोटांत चिरडलं की पीठ व्हायला हवं. तोवर गुळाला हात लावायचा नाही, कारण गोड पडलं की तांदूळ पुढे मऊ होत नाही, टणकच राहतो. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, माडाच्या गुळात कचरा असतो. शेवटी दाट रस, चिमूटभर मीठ, वेलची. कडेला वाफ दिसली की तोप खाली. उकळी आली तर रस फाटतो आणि वर तेल तरंगतं. हळदीचं पान मिळालं तर त्याची गाठ मारून शिजतानाच सोडते.

डिचोलीचा गोपाळ:
ताई, तुमच्या खिरीला नावं ठेवणार नाही, पण मणगण्याचा दाखला पटला नाही. मणगणं हा वेगळाच पदार्थ आहे. आमच्या घरी म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, पानावर तांदळाची खीर लागते आणि ती दुधातलीच. आईने कधी त्यात रस घातला नाही. घरात गाय होती, हे एक कारण असेल. पण ती चव आमच्या जिभेवर बसली आहे आणि तीसुद्धा गोव्यातलीच आहे.

शिवाय दुधाची खीर म्हणजे सोपं काम, असा सूर वाटला म्हणून सांगतो. १ लिटर दुधाला मूठभर तांदूळ, साधारण ५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. धुवून अर्धा तास भिजत घालायचे, निथळून हाताने थोडे चुरायचे, चमचाभर तुपावर परतायचे. मग मंद आच आणि पाऊण तास तळाशी दवला फिरवत उभं राहायचं. दूध आटून पाऊण लिटरवर आलं आणि तांदूळ त्यात मुरला की साखर. खीर वाहती असतानाच उतरवायची, कारण निवल्यावर ती घट्ट होतेच. डबाबंद गोड दूध ओतून दहा मिनिटांत केलेली खीर मलाही खीर वाटत नाही. माझा वाद त्या डब्याशी आहे, तुमच्या नारळाशी नाही.

कवळेकरीण:
गोपाळदादा, म्हाळाचं मान्य. ज्या घरची जी रीत ती त्या पानावर हवीच. पण चवथीच्या, वाढदिवसाच्या पानावरही आता सगळीकडे दूधच दिसतं, त्याचं वाईट वाटतं.

वेर्ण्याची नोकरदार:
मला दोघांचंही थोडं टोचलं. सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी सातला परतते. नारळ खोवा, वाटा, तीनदा पिळा, हे मला रविवारीही जमत नाही. नारळाचा भावही आता विचार करायला लावतो. मी पाकिटातला रस वापरते. मुलं वाटी चाटूनपुसून खातात. खीर घरात होते आहे, हे महत्त्वाचं नाही का? पद्धत इतकी अवघड केलीत तर पुढची पिढी विकतचीच आणेल.

म्हापशेकर:
नोकरदार ताईंना माझा पाठिंबा. माडाच्या गुळाचंही तसंच. शुक्रवारच्या बाजारात तो मिळतो, पण चांगला ओळखायला नजर लागते. माडावर चढून सूर काढणारे रेंदेरच कमी झालेत, तर गूळ येणार कुठून? मी अर्धा माडाचा आणि अर्धा उसाचा घालतो. नुसत्या माडाच्या गुळाला खारट, धुरकट झाक असते. मला ती आवडते, बायकोला नाही. चवीप्रमाणे बदल म्हणतात तो हाच.

एक अनुभव सांगतो. हाच गूळ मी एकदा उकळत्या दुधात घातला आणि सगळी खीर नासली, पनीर झालं. आता दुधाची करायची तर तोप उतरवतो, चांगली कोमट होऊ देतो, मग निवलेलं गुळाचं पाणी घालतो. तेव्हापासून फाटली नाही. रसातल्या खिरीला ही भीती नाही, एवढा गुण कवळेकरीण ताईंच्या बाजूने.

सासष्टीची सून:
आमच्या शेजारच्या ख्रिश्चन घरातून नाताळात अरोझ दोस येतो. पोर्तुगीज वळणाचा दुधातला गोड भात, लिंबाच्या सालीचा वास आणि वर दालचिनीच्या पुडीची नक्षी. बोटांच्या चिमटीतून पूड सोडत शेजारीण चौकड्या काढते, हात जराही हलत नाही. तिच्याकडून साल घालायला शिकले. फक्त वरची पिवळी साल, पांढरा भाग आला तर कडू होतं आणि लिंबाचा रस पडला तर दूध फुटतं. गोपाळदादांच्या पद्धतीत ती साल घालून बघा. दूध गोव्याचं नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून हे लिहिलं.

सत्तरीचा शेतकरी:
रस की दूध यावर सगळे बोलताहेत, तांदळावर कुणीच नाही. खरा फरक तिथे पडतो. आंबेमोहोरासारखा वासाचा तांदूळ दुधात खुलतो. माडाच्या गुळात तो वास बुडून जातो, मग महाग तांदूळ कशाला? रसाच्या खिरीला मी आमचा गावठी, लालसर सालीचा तांदूळ घेतो. त्याची चव गुळापुढे उभी राहते. उकडा घेतला तर शीत सुटं राहतं आणि रस पाण्यासारखा पातळ. ज्यांच्याकडे उकडाच आहे त्यांनी चमचाभर भिजवलेला सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ वाटून लावावा, दाटपणा येतो. खाजनातला, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांधातल्या शेतातला, कोरगुट तांदूळ कुणाकडे असेल तर करून बघा आणि इथे कळवा.

कवळेकरीण:
शेतकरीदादा, तांदळाचं माझ्याकडून राहिलंच. मी सुरय घेते, पुढच्या खेपेला गावठी घेईन.

नोकरदार ताई, तुमच्यावर रोख नव्हता. मुलांसाठी रात्री खीर शिजवणाऱ्या बाईला मी काय शिकवणार? पण एक करून बघा. पातळ रसाच्या जागी पाकिटातला रस पाणी घालून वापरा, तांदूळ त्यात शिजवा. शेवटचा दाट रस तेवढा अर्ध्या ताज्या नारळाचा घाला. मिक्सरमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. पाकिटातला रस सहसा फाटत नाही, पण ताज्या नारळाचा वास त्याला येत नाही. तो शेवटच्या वाटीतून येतो.

दूध वाईट, असं मी आजही म्हणत नाही. पण रसातली खीर वाढताना कुणालाही "आज दूध नव्हतं" असं सांगावं लागू नये, यावर मी ठाम आहे.

वेर्ण्याची नोकरदार:
काल केली. अर्धा नारळ, तुम्ही म्हणालात तसा. थोरल्याने वाटी तोंडाजवळ नेली आणि विचारलं, "आजीकडची आहे का?" सासूबाई पेडण्याला असतात. रात्री त्यांना फोन करून विचारलं, तर त्या जायफळही घालतात म्हणे. किती, ते मात्र "नखभर" एवढंच सांगितलं. कुणाला नेमकं माहीत असेल तर लिहा.