उट्रेख्ट, मास्ट्रिख्ट आणि आपला ‘उतार’

प्रश्न: नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट आणि मास्ट्रिख्ट या नावांचा शेवट सारखाच का? डॉर्ड्रेख्टही त्यातलंच का?

उत्तर: पहिल्या दोन नावांत एकच लॅटिन शब्द आहे, ‘त्रायेक्तुम’. नदी ओलांडायची जागा, म्हणजे आपल्याकडे नदीला असतो तो उतार. इ.स. ५० च्या आसपास रोमनांनी ऱ्हाइनकाठी छोटा किल्ला बांधला, त्याचं नावच त्रायेक्तुम. दुसरी जागा मास नदीवर, म्हणून ते मास्ट्रिख्ट. दोन्हींत घोटाळा नको म्हणून ऱ्हाइनवरच्या गावाला जुन्या डचमधला ‘ऊट’ लागला, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचं.

मास्ट्रिख्टचा रोमन पूल १२७५ मध्ये मिरवणूक जात असताना कोसळला, मग जवळच आजचा दगडी पूल झाला. उट्रेख्टमध्ये उलटं घडलं. ऱ्हाइनचा मुख्य प्रवाहच दुसरीकडे वळला आणि ११२२ मध्ये वरच्या अंगाला बांध पडला. तिथल्या कॅथीड्रलच्या चौकात फरशीवर किल्ल्याच्या भिंतीची रेघ धातूच्या पट्टीने आखली आहे. तिच्यावर उभं राहिलं तर आजूबाजूला मोठी नदी कुठेच नाही. उतार उरलाय तो फक्त नावात!

डॉर्ड्रेख्ट मात्र या घरातलं नव्हे. त्याचं जुनं रूप ‘थुरेड्रिथ’. स्लीड्रेख्ट, पापेनड्रेख्ट, झ्वाइनड्रेख्ट अशी नावं त्या भागात शेजारीशेजारी आहेत, तिथे प्रत्येक गावी रोमन उतार कुठून असणार?

शंका: तुम्ही ‘उतार’ म्हणालात म्हणून विचारते. नदीला उतार झाला, पायउतार झाला, असं आपण म्हणतो त्याचा याच्याशी काही संबंध?

उत्तर: आहे, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. त्रायेक्तुममधला ‘त्रा’ म्हणजे लॅटिन ‘त्रान्स’, पलीकडे. तो आणि संस्कृत ‘तॄ’ धातू एकाच मुळातून आले. त्या धातूचे आपल्याकडे तरणे, तारू, तीर्थ. उतार म्हणजे उत् अधिक तॄ. आणि डच ‘ऊट’ व आपला ‘उत्’ हेही सख्खे भाऊ!

पण म्हणून उट्रेख्ट संस्कृतातून आलं असं कृपा करून कुणी लिहू नका. मुळं एक, जोडणी मात्र दोन्हीकडे आपापली झाली. शिवाय त्रायेक्तुमचा उरलेला भाग ‘फेकणे’ या क्रियापदाचा आहे, तो आपल्या उतारात नाही.