टर्बो ट्यून केल्यावर व्हीव्हीटी ठेवायचं की लॉक करायचं?

व्हीव्हीटी म्हणजे चालू इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुढे-मागे करून व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा. बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवला की 'व्हीव्हीटी लॉक करून टाक', म्हणजे कॅम एकाच जागी पक्का कर, हा सल्ला गॅरेजात अजूनही मिळतो. ज्यांनी हे काम हातानं केलंय, त्यांनी नागपुरातल्या आपल्या भागाच्या नावानं, कारणांसह लिहा.

धरमपेठ
ठेवाच. २००० ते ३५०० आरपीएमला इनटेक कॅम पुढे घेतला, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडला, की ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढतो. तेव्हा इनटेकचा दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असेल तर ताजी हवा जळका गॅस बाहेर ढकलते आणि टर्बो लवकर उचलतो. टोयोटाच्या १जेझेड-जीटीई या टर्बो इंजिनाला १९९६ मध्ये व्हीव्हीटी-आय (टोयोटाचं व्हीव्हीटी) मिळालं, तेव्हा कमाल टॉर्क ४८०० वरून २४०० आरपीएमवर उतरला (दोनऐवजी एक टर्बो, हेही एक कारण). बर्डीच्या गर्दीत गाडी याच पट्ट्यात चालते.

हिंगणा रोड
भाऊ, वरचा पट्टाही सांगा. ५५०० च्या पुढे छोट्या टर्बोत एक्झॉस्टचा दाब बूस्टला मागे टाकतो. तिथे ओव्हरलॅप राहिला तर गरम गॅस उलटा सिलिंडरमध्ये शिरतो आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी, धक्क्यानं पेटणं) सुरू होतं. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तर लगेच. म्हणून वर कॅम मागे आणावाच लागतो, आणि लॉक केलेला कॅम येणार कसा?

डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आरपीएम आणि बूस्ट स्थिर धरा, कॅम ५-५ अंशांनी सरकवा. प्रत्येक ठिकाणी मिश्रण आणि इग्निशन नव्यानं लावा, मगच टॉर्क वाचा. नुसता कॅम हलवून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण सिलिंडरमध्ये जाणारी हवाच बदललेली असते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आणखी एक फसवणूक आहे: ओव्हरलॅपमधून निसटलेली हवा लॅम्बडाला (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, दाखवते. ते पाहून पेट्रोल वाढवलं की जास्तीचं पेट्रोल त्या हवेसोबत एक्झॉस्टमध्ये जळतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.

वाडी
पी००११ कोड (इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे असल्याची सूचना) आला की फेजर (कॅम फिरवणारा व्हीव्हीटीचा भाग) उघडायची घाई नको. आधी ऑइलची पातळी, मग सोलेनॉइडची (फेजरला ऑइल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) जाळी, मग रेझिस्टन्स. टोयोटाच्या बऱ्याच सोलेनॉइडना २० अंशांना ६.९ ते ७.९ ओहम हवेत. फेजर ऑइलच्या दाबावरच हलतो. समृद्धीवर तासभर ताणून टोलवर आयडलला थांबलात की पातळ झालेल्या ऑइलचा दाब पडतो. कंपनीनं दिलेल्या ग्रेडमधलाच जाड पर्याय घ्या, त्यापलीकडे जाऊ नका.

मानेवाडा
मोठे कॅम टाकणार असाल तर इनटेक फुल ॲडव्हान्सवर (पूर्ण पुढे) ठेवूनच व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर मोजा. पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती) लावा, क्रँक हातानं दोन फेऱ्या फिरवा, मग दबलेल्या थराची जाडी मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. कमी भरलं तर फेजरमध्येच लिमिटर (त्याची हालचाल अडवणारा तुकडा) बसवा. ईसीयूतल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) मर्यादेवर विसंबू नका, सोलेनॉइड अडकला की ती कामाची नाही.

कोराडी रोड
फक्त ड्रॅगसाठीच गाडी, इंजिन कायम ५५०० च्या वर, आणि ईसीयूला व्हीव्हीटीचं आउटपुटच नाही, तर काढा. पण नुसता प्लग ओढून नाही. फिक्स पुली लावा, फेजरची ऑइलची वाट बंद करा, डिग्री व्हीलनं (क्रँकवर लावायच्या अंशांच्या चकतीनं) टायमिंग लावा. मात्र आता स्पीडुइनोसारख्या स्वस्त ईसीयूतही व्हीव्हीटी चालतं, तेव्हा आधी ईसीयू बदलायचा विचार करा.