मदत हवी आहे: शिसवी कपाटाच्या पॉलिशवर पांढरे डाग

मंडळी, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आजेसासूबाईंचं शिसवी कपाट आहे. यंदा भिंतीला ओल आली आणि पॉलिशवर पांढुरके डाग पडले. बुरशी म्हणावी तर कोरड्या फडक्यानं पुसून जात नाहीत. पॉलिश जुन्या पद्धतीचं, स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेलं. ओल धरूनच पांढरं पडलं असणार. दारावरच्या नक्षीतली धूळ मऊ ब्रशनं निघते, पण खाचांत जुनं मेण काळं होऊन घट्ट बसलंय. सुतार म्हणतो, सगळं घासून मेलामाईन, म्हणजे ते चकचकीत कृत्रिम पॉलिश, मारूया. मला नको ती चकाकी! स्पिरिटचा बोळा हलका फिरवला तर डाग जातील का, की आहे तेही पॉलिश निघेल? आणि राजारामपुरी-शाहूपुरीकडं हातानं लाखेचं पॉलिश करणारं अजून कुणी आहे का? दिवाळीआधी झालं तर बरं.