बी.कॉम.नंतर एम.एस्सी. फायनान्शियल इकॉनॉमिक्स: अर्ज कुठे, गणित किती?

टीवाय_कॉमर्स:
सध्या टी.वाय.ला आहे. बारावीला गणित होतं, पुढे सुटलं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं एम.एस्सी. फायनान्शियल इकॉनॉमिक्स डोक्यात आहे. मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि हैदराबाद विद्यापीठही यादीत आहेत. बी.कॉम. चालतं का? सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा) द्यावी की जॅम (आयआयटींची एम.एस्सी. प्रवेशपरीक्षा)? आणि एम.बी.ए. फायनान्सपेक्षा यात वेगळं काय शिकवतात?

अंशछेद:
बी.कॉम. चालतं की नाही, हे परीक्षेवर नाही, संस्थेवर ठरतं. जॅमला बसू देतील, पण प्रवेशाच्या वेळी संस्था पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र होतं का, ते बघू शकते. म्हणून आधी माहितीपत्रकातली पात्रतेची अट वाचा, मग फी भरा. गोखलेचंही चालू वर्षाचंच माहितीपत्रक धरा, सीनियरनी सांगितलेलं नको.

मद्रास आणि हैदराबादच्या एम.ए. फायनान्शियल इकॉनॉमिक्ससाठी सीयूईटी-पीजी. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. सीयूईटी-पीजी त्यानंतर मार्चच्या सुमारास. अभ्यासक्रम बराचसा सारखा, तेव्हा दोन्ही द्या.

गुणांचं गणित मात्र वेगळं. सीयूईटीत 75 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला वजा 1. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो, म्हणजे कोरं सोडण्यात अर्थ नाही. जॅमच्या एकपर्यायी प्रश्नांत एक तृतीयांश कापतात, तिथे तोच हिशेब शून्यावर येतो. निदान एक पर्याय बाद करता आला तरच हात घाला. तिथले 20 प्रश्न थेट आकडा लिहायचे असतात. त्यांना वजावट नाही, पण पर्यायही नाहीत, त्यामुळे कच्चं गणित तिथेच उघडं पडतं.

सिग्मा_वर्ग:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. एम.बी.ए.त कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल, म्हणजे जोखमीवरून शेअरचा अपेक्षित परतावा सांगणारं सूत्र, वापरायला शिकवतात. इथे ते सूत्र गुंतवणूकदाराच्या उपयोगिता फलनापासून (त्याचं समाधान मोजणाऱ्या गणिती फलनापासून) सिद्ध करावं लागतं आणि मग आकड्यांवर तपासावं लागतं. त्यामुळे पहिल्या सत्रात दांडी उडते ती फायनान्समध्ये नाही, तर लग्रांजच्या पद्धतीत (अटी पाळून कमाल-किमान काढण्याच्या), मॅट्रिक्समध्ये आणि सशर्त अपेक्षित मूल्यात (काही माहिती हाती असताना काढलेल्या सरासरीत). आतापासून रोज तासभर या तिन्हींना द्या. बी.कॉम.चं अकाउंटन्सी इथे फारसं कामाला येत नाही, हे कडू वाटलं तरी खरं आहे.

दुसऱ्या वर्षी टाइम सीरिज, म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण, येते. दोन शेअरच्या किमती एकमेकांवर रिग्रेस केल्या (एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला) की आर-स्क्वेअर, म्हणजे अंदाज किती जुळला त्याचं माप, झकास येतो आणि बहुतेक वेळा तो फसवा असतो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी हे 1974 सालीच दाखवलंय. किमती स्थिर मालिका नसतात, म्हणजे त्या एका सरासरीभोवती फिरत नाहीत. आधी युनिट रूटची (मालिका अस्थिर आहे का ते बघणारी) चाचणी, मग किमतींऐवजी परतावे काढायचे.

टीवाय_कॉमर्स:
धन्यवाद. प्रबंधासाठी डेटा आणि सॉफ्टवेअर काय लागतं?

भावकॉपी:
आर किंवा पायथन, एक धरा. खरी डोकेदुखी डेटाची. एनएसईची (राष्ट्रीय शेअर बाजाराची) भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, फुकट मिळते, पण तिच्यातल्या किमती बोनस-स्प्लिटसाठी सुधारलेल्या नसतात. 1:1 बोनस मिळालेला शेअर 2000 वरून 1000 च्या आसपास उघडतो आणि तुमच्या तक्त्यात त्या दिवशी उणे 50 टक्के परतावा दिसतो. गार्च मॉडेल (परताव्यातले चढउतार मोजणारं) त्या एकाच दिवसाने वेडंवाकडं होतं. मॉडेल चालवण्याआधी 20 टक्क्यांपेक्षा मोठी प्रत्येक उडी कॉर्पोरेट ॲक्शनच्या (बोनस, स्प्लिट वगैरेंच्या) यादीशी ताडून बघा.

दुसरी नेहमीची चूक: शेअरच्या परताव्यातून जोखीममुक्त दर म्हणून 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा (सरकारी अल्पमुदत कर्जरोख्याचा) दर वजा करतात, आणि तो वार्षिक असतो. 6 टक्के दर मासिक परताव्यातून जसाच्या तसा वजा केला तर सगळे शेअर तोट्यात दिसतात. ढोबळमानाने 12 ने भागून 0.5 वजा करा. हे दर रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर मिळतात.

आणि आजच्या निफ्टी 50 ची यादी घेऊन दहा वर्षं मागे जाऊ नका. मधल्या काळात निर्देशांकाबाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्या गळतात नि परतावा फुगतो. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.